मळ जातो कोठे?

स्नान हा धर्माचा विषय आणि मळ हा रसायनशास्त्राचा, अशी एक सोयीची वाटणी आपण फार दिवसांपासून करून ठेवली आहे, आणि या वाटणीचा मोठा लाभ असा, की एका अडचणीच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापासून दोन्ही पक्षांची परस्पर सुटका होते. गंगाखेडच्या घाटावर कार्तिकात किंवा अधिक मासात पहाटे गोदावरीत बुडी मारणाऱ्या यात्रेकरूस माहात्म्यग्रंथ ग्वाही देतात, की त्याचे पाप धुतले गेले. त्याच घाटाच्या खालच्या अंगाला दगडावर लुगडे आपटणारी बाई कोणत्याही ग्रंथाच्या आधारावाचून सांगू शकते, की मळ निघाला. परंतु निघालेला मळ नाश पावलेला नसतो. तो पाण्याबरोबर चार हात खाली जातो, आणि तेथे कोणी तरी घागर बुडवीत असते. पापाच्या बाबतीत ही चौकशी फारशी झालेली दिसत नाही. देहावरून सुटलेले पाप जर खरोखर वस्तुभूत काही असेल तर सुटल्यावर ते जाते कोठे, आणि वस्तुभूत नसेलच तर ते धुण्यासाठी पाण्याची गरज का, हा पेच जितका तत्त्वज्ञानातला तितकाच परटाच्या भट्टीवरचा आहे. आणि माझे म्हणणे असे, की भट्टीवर त्याचे जे उत्तर मिळते ते पाठशाळेतल्या उत्तराहून अधिक प्रामाणिक आहे.

हा प्रश्न परभणी जिल्ह्यातून विचारण्यास एक भौगोलिक कारणही आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, नाशिकास सिंहस्थाचा मेळा अंगावर घेते, पैठणास जायकवाडीच्या धरणात अडते आणि मग मुद्गल, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या मुलखातून वाहत नांदेडकडे निघते. म्हणजे नाशिकचा यात्रेकरू ज्या पाण्यात पाप सोडतो त्या पाण्याच्या खालच्या अंगाला गंगाखेडकर उभा आहे. सिंहस्थाविषयी अशी श्रद्धा आहे, की लोकांची पापे धुऊन मलिन झालेली सर्व तीर्थे, गुरू सिंह राशीस आला म्हणजे, स्वतः शुद्ध होण्यासाठी गोदावरीत येतात. या कल्पनेत पापाचा जमाखर्च मोठ्या चोखपणे ठेवलेला आहे: माणसाच्या खात्यातून रक्कम नदीच्या खाती जाते आणि इतर नद्यांच्या खात्यांतून ती गोदेच्या खाती वर्ग होते. शेवटची बाकी मात्र कोणाच्या नावे निघते, हे कीर्दीत लिहिलेले नाही. वरच्या घाटावर उभा राहणाऱ्यास ही उणीव जाणवत नाही. खालच्या घाटावर जन्मलेल्यास ती जाणवल्यावाचून राहू नये.

गंगाखेड हे जनाबाईचे जन्मस्थान. पंढरपुरास दामाशेटींच्या घरी दासी म्हणून राहिलेल्या या बाईचे अभंग दळण, कांडण, पाणी आणि झाडलोट यांनी भरलेले आहेत, आणि तिच्या देवाने तिच्याकडून पूजा करून घेण्यापेक्षा तिच्या कामात हात घालणेच अधिक पसंत केलेले आहे. जनी तुळशीच्या बनात केस मोकळे करून बसली असता देव हातात लोणी घेऊन तिच्या डोक्यास चोळतो आणि वर पाणी घालतो, असे एका प्रसिद्ध अभंगात चित्र आहे. भक्तीच्या दृष्टीने त्यात काही उणे नाही. परंतु ज्यांनी घरात लेकीसुनांची न्हाणी पाहिली आहेत त्यांच्या मनात एक व्यावहारिक शंका येतेच. लोण्याने माखलेल्या केसांवर नुसते पाणी कितीही घातले तरी ते थेंबाथेंबांनी ओघळून जाते आणि लोणी केसांतच राहते. अभंगात रिठा नाही, शिकेकाई नाही, मराठवाड्याच्या माळावर वाढणारे आणि एके काळी कपडे धुण्यास वापरले जाणारे हिंगणबेटही नाही. तिसऱ्या कोणाच्या मध्यस्थीवाचून लोणी आणि पाणी एकत्र नांदले, हाच त्या अभंगातला खरा चमत्कार मानावयास हरकत नाही. जनीच्या देवाला तो कठीण नव्हता. बाकीच्यांना रिठा लागतो.

रिठ्याचे टरफल कोमट पाण्यात रात्रभर भिजत घालून सकाळी कुस्करले, की पाणी पिवळट तांबूस होते, बोटांना बुळबुळीत लागते आणि ढवळताच फेस धरते. या काढ्यातील कर्तबगार द्रव्य म्हणजे सॅपोनिन. त्याच्या रेणूची घडण अशी, की एक भाग कर्बाच्या कड्यांचा, म्हणजे तेलाच्या जातीचा, आणि दुसरा शर्करांच्या साखळीचा, पाण्यात सहज रमणारा. तेल आणि पाणी यांचे हाडवैर आहे ही समजूत सार्वत्रिक असली तरी बरोबर नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की जातीबाहेरच्यास त्यांच्या पंगतीत जागा मिळत नाही. तेल बिचारे कोणाचा द्वेष करीत नाही, ते केवळ बाहेर ठेवले जाते. पाण्याच्या या परस्परासक्तीचे माप म्हणजे पृष्ठताण. शुद्ध पाण्यासाठी २५ अंशांना ते दर मीटरला ७२ मिलिन्यूटन भरते आणि रिठ्याच्या काढ्यात चाळिसाच्या आसपास उतरते. वैशेषिकांनी स्नेह हा गुण एकट्या जलाचा मानला आणि तेलात जो दिसतो तोही त्यातील जलांशाचाच असे म्हटले, तेव्हा त्यांना रेणू ठाऊक नव्हते. परंतु पिठाचा गोळा बांधणारी शक्ती पाण्याची आहे हे त्यांनी नीट पाहिले होते, आणि ते निरीक्षण आजही टिकून आहे.

येथे एक जुना वाद आठवतो. अवयव आणि अवयवी, गुण आणि द्रव्य यांना जोडण्यासाठी वैशेषिकांनी समवाय नावाचा एक स्वतंत्र पदार्थ कल्पिला, तेव्हा शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात असा आक्षेप घेतला, की दोघांना जोडण्यासाठी तिसरा आणला तर त्या तिसऱ्याला पहिल्या दोघांशी जोडण्यासाठी चौथा आणावा लागेल, आणि मग या साखळीस अंत राहणार नाही. तिसरा हा दोघांहून सर्वस्वी वेगळा आहे असे धरून चालल्यास आक्षेप बिनतोड आहे. सॅपोनिन तसे वेगळे नाही. त्याचे अर्धे अंग तेलाचे आणि अर्धे पाण्याचे असल्यामुळे त्याची गाठ घालून देण्यास चौथा लागत नाही. या दृष्टान्ताने आचार्यांचे खंडन झाले असे मी मुळीच मानीत नाही. समवाय हा तात्त्विक संबंध आहे आणि रिठा बाजारात किलोने मिळतो. पण देव आणि माणूस यांच्यामध्ये आपल्या परंपरेने संतांना जे स्थान दिले ते तटस्थ पंचाचे नसून दोन्ही घरांत नाते असलेल्या सोयऱ्याचे आहे, एवढे यावरून ध्यानात येते.

सोयरीक झाली म्हणजे एकरूपता झाली असे मात्र समजू नये. छांदोग्य उपनिषदात आरुणी आपल्या मुलास रात्री पाण्यात मीठ टाकावयास सांगतो आणि सकाळी ते परत मागतो; मीठ सापडत नाही, पण पाणी कोठूनही चाखले तरी खारट लागते. अद्वैताला तो दृष्टान्त शोभतो. रिठ्याच्या संगतीने तेल पाण्यात विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात, आणि प्रत्येक थेंबाभोवती सॅपोनिनच्या रेणूंचे कडे उभे राहते, शर्करेचे टोक बाहेर पाण्याकडे आणि कर्बाचे टोक आत तेलाकडे करून. रसायनशास्त्राच्या मराठी परिभाषेत या व्यवस्थेस पायस म्हणतात. दूध हे निसर्गतःच पायस. आलंकारिकांनी वेगळे न करता येणाऱ्या मिश्रणास नीरक्षीराचा आणि वेगळे करता येणाऱ्यास तिळतांदळाचा दाखला दिला, तेव्हा त्या क्षीरातच तिळतांदळाचा प्रकार सूक्ष्म रूपाने चाललेला आहे हे त्यांच्या नजरेआड राहिले. ते दिसण्यास सूक्ष्मदर्शक लागतो, सबब त्यांना दोष देता येत नाही.

प्रयोगशाळेत या गुणाची परीक्षा अगदी साधी आहे. काचेच्या उभ्या नळीत सारख्या मापाने कच्चे खनिज तेल आणि वनस्पतीच्या अर्काचे द्रावण घेतात, दोन मिनिटे ती नळी जोराने घुसळतात आणि मग उभी करून ठेवतात. काळे तेल आणि पिवळे पाणी यांच्या जागी प्रथम सगळीकडे गढूळ तपकिरी रंग दिसतो, वर फेस चढलेला असतो, आणि पाहणाऱ्यास वाटते की काम फत्ते झाले. परंतु त्या वेळचे माप कोणी घेत नाही. २४ तास लोटल्यावर तळाशी सुटे पाणी किती साचले, माथ्यावर सुटे तेल किती आले आणि मधला पायसाचा थर किती उंच उरला हे पाहतात. त्या थराच्या उंचीस एकूण उंचीने भागून शंभराने गुणले, की त्या द्रव्याचा निर्देशांक मिळतो. फेस हिशेबात धरीत नाहीत. कारण पुष्कळ फेस करणारी द्रव्ये दुसऱ्या दिवसापर्यंत तेलाला सोडून देतात, आणि बेताचा फेस करणारी कित्येकदा धरून ठेवतात. सप्ताह, पारायणे आणि उत्सव यांच्या समाप्तीनंतर २४ तासांनी गावात काय उरले हे मोजण्याची प्रथा नाही, ही त्यांच्या व्यवस्थापकांची मोठीच सोय म्हणावी लागेल.

नदीकाठचा विचार चालला असता मी खनिज तेलाकडे का वळलो, असे वाचक विचारील. कारण असे, की नदीला खालचे अंग असते आणि मळ पुढे ढकलण्याची सवय आपल्याला नदीनेच लावली. समुद्राला खालचे अंग नाही. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाखाली तेल सापडले, १९७६ पासून ते निघू लागले, आणि १९९३ च्या मे महिन्यात मुंबई हायची तेलवाहिनी फुटून ते पाण्यावर पसरले. पुढे ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजे एकमेकांवर आदळली व चित्राच्या टाक्यांतले सुमारे ८०० टन इंधनतेल सांडले. मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावरील तिवरांच्या मुळांना काळा लेप बसला. तटरक्षक दलाने त्या वेळी पाण्यावर जी द्रव्ये फवारली ती रिठ्याचीच भावंडे, फक्त कारखान्यात जन्मलेली. त्यांचे काम तेल उचलण्याचे नसते. पृष्ठावरच्या तवंगाचे बारीक थेंब करून ती त्यांना पाण्याच्या पोटात पसरवून देतात, आणि किनाऱ्यावरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने समुद्र निर्मळ होतो.

या निर्मळपणाची किंमत प्रथम इंग्लंडात कळली. १८ मार्च १९६७ रोजी टॉरी कॅनियन नावाचे जहाज कॉर्नवॉलच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले, तेव्हा त्यात सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल होते. तेथील सरकारने जवळजवळ १०,००० टन धुण्याची द्रव्ये समुद्रावर आणि खडकांवर ओतली, आणि विमानांतून बाँब टाकून तेल जाळण्याचाही प्रयत्न केला. म्हणजे आप आणि अग्नी या दोन्ही शुद्धिकारक देवतांची आराधना एकाच पंधरवड्यात झाली. पुढच्या पाहणीत असे दिसून आले, की खडकांना चिकटून राहणाऱ्या शंखांचा संहार तेलाने केला त्याहून अधिक त्या धुण्याच्या द्रव्यांनी केला. जे जळाले ते धूर होऊन आकाशात गेले, म्हणजे त्याचेही स्थलांतरच झाले. सांख्यांच्या सत्कार्यवादास, सताचा अभाव होत नाही या त्यांच्या सिद्धान्तास, इतका खर्चिक पुरावा क्वचितच कोणी जोडला असेल.

वनस्पतिजन्य द्रव्यांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळण्यास असल्या अनुभवांचा हातभार लागला, आणि त्यात आमच्या जिल्ह्याच्या ओळखीचे एक पीक पुढे आले. परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. त्याच्या एमएयूएस ७१ सारख्या सोयाबीन वाणांनी आणि बाजारभावाने मिळून ज्वारी-कापसाच्या या काळ्या जमिनीचे रूप पालटून टाकले. सोयाबीनच्या कच्च्या तेलात शेकडा दोनतीन भाग डिंक असतो. गिरणीत गरम तेलात थोडे पाणी सोडून ढवळले, की तो डिंक पाणी पिऊन फुगतो, जड होतो आणि यंत्राच्या फिरकीने निराळा काढता येतो. सुकवल्यावर जे तांबूस तपकिरी, चिकट द्रव्य उरते ते लेसिथिन. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत हे लेसिथिन आणि खाद्यपदार्थांत चालणारे ट्वीन ८० यांचे मिश्रण कच्च्या तेलावर घातले असता, दोघांपैकी एकट्याच्याने जे होत नव्हते ते झाले: लेसिथिन थेंबाला बिलगून बसले, ट्वीनची लांब जलप्रिय टोके बाहेर पसरली, आणि एक थेंब दुसऱ्यात शिरेना. परभणीच्या शिवारातली शेंग आणि समुद्रातला तवंग यांचा संबंध पोहोचतो तो असा.

वनस्पतीपासून आले म्हणून ते सात्त्विक, हा निष्कर्ष मात्र घाईचा. सॅपोनिन ज्या गुणाने तेलाच्या थेंबाभोवती कडे करते त्याच गुणाने ते माशाच्या कल्ल्यातल्या नाजूक पडद्यात शिरते आणि त्याच्या रक्तपेशी फोडते. डोहातले मासे गुंगवून धरण्यासाठी अशा फळांचा आणि सालींचा चेचा पाण्यात टाकण्याची युक्ती अनेक देशांतल्या वनवासी लोकांना पूर्वापार माहीत आहे, आणि हिंगणबेटाच्या गराचीही त्यात गणना होते. माणसाच्या डोक्याला जे औषध ते माशाला विष. जन्मावरून शुद्धाशुद्ध ठरवण्याची आपली खोड फार जुनी असल्यामुळे रसायनांच्या बाबतीतही ती डोके वर काढते, इतकेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. धुतलेले पाप जाते की नुसते दिसेनासे होते, याचा विचार आपल्या धर्मशास्त्रकारांनी अगदीच केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात एक महत्त्वाचा भेद केलेला आहे: नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने दूर होते, परंतु जाणूनबुजून केलेल्या पापाचा कर्ता प्रायश्चित्ताने केवळ लोकांत व्यवहार करण्यास योग्य ठरतो. मिताक्षराकार विज्ञानेश्वर, जो कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होऊन गेला आणि म्हणून ज्याला मराठवाड्याने आपला शेजारी म्हणावे, याचा खुलासा असा करतो, की पापाच्या दोन शक्ती असतात. एक नरकास नेणारी आणि दुसरी समाजातील व्यवहार अडविणारी. प्रायश्चित्ताने पहिली शाबूत राहून दुसरी तेवढी नष्ट होऊ शकते. म. म. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या वादाची जी मांडणी केली आहे ती वाचताना, हा शब्दच्छल आहे असे प्रथम वाटते. पण समुद्रावरील फवारणीचा विचार मनात ठेवून ती पुन्हा वाचली, म्हणजे विज्ञानेश्वराच्या बुद्धीची सूक्ष्मता पटते. फवारणीने तेलाची व्यवहार अडविणारी शक्ती गेली. पक्ष्यांचे पंख माखत नाहीत, पुळणीवर लोक हिंडू लागतात, जहाजे ये-जा करू लागतात. दुसऱ्या शक्तीचे काय झाले हे पाण्याखाली राहणाऱ्यास विचारले पाहिजे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात तेलाची विहीर फुटली. सुमारे ७० लाख लिटर विखुरणारी द्रव्ये तेथे खर्ची पडली, आणि २०१६ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार कंपनीने २० अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे कबूल केले. याज्ञवल्क्याच्या भाषेत ती कंपनी त्या दिवशी व्यवहार्य झाली. याहून अधिक काही झाले असे तिच्या वकिलांनीही म्हटलेले नसावे.

याच तेलाचा आणखी एक स्वभाव आहे, आणि मला तो सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो. मध्यस्थ द्रव्य ज्या पक्षात अधिक रमते तो पक्ष बाहेरचा होतो आणि दुसऱ्याला पोटात घेतो, असा बँक्रॉफ्टचा नियम आहे. रिठा पाण्यात रमतो, म्हणून पाणी तेलाला पोटात घेते. परंतु कच्च्या तेलाजवळ अस्फाल्टीन नावाचे त्याचे स्वतःचे मध्यस्थ जन्मापासून असतात, आणि त्यांची निष्ठा तेलाशी असते. लाटांच्या घुसळणीत हे मध्यस्थ आधी कामाला लागले, म्हणजे उलट प्रकार घडतो: तेलच पाण्याचे थेंब पोटात घेऊन फुगू लागते, शेकडा सत्तरऐंशी भाग पाणी झाले तरी तेल म्हणूनच वावरते, तिप्पट चौपट होते, आणि असा घट्ट तपकिरी लगदा बनते की मग कोणतेही द्रव्य त्यावर सहसा चालत नाही. एवढ्यासाठीच फवारणी करावयाची ती लवकर करावी लागते. पापाजवळही स्वतःचे मध्यस्थ असतात. केलेल्या कृत्याला शास्त्राचे वचन, वडिलांची चाल, काळाची निकड आणि पोरांची भाकरी यांचा आधार मिळू लागला, की ते पुण्याचे पाणी आत घेऊन फुगते, आणि कर्त्यालाही ते पुण्यासारखेच दिसू लागते. मनूने पापमुक्तीच्या साधनांत तप आणि अध्ययन यांच्याही आधी ख्यापन, म्हणजे केलेले चारचौघांत बोलून दाखविणे, मांडले आहे, त्याचे मर्म मला या घाईत दिसते. बोलण्याने पाप नाहीसे होत नाही. त्याचा लगदा बनण्यापूर्वी ते विखुरते. लपविण्यानेही ते विखुरतेच, हे खरे. पण लपविलेल्याची वाटणी ज्यांच्यात होते त्यांना आपल्या वाट्याला काय आले याचा पत्ता नसतो, आणि चित्राच्या तेलाने तिवरांतल्या खेकड्यांना ज्या स्थितीत गाठले ती हीच.

विखुरल्याने निदान एक गोष्ट शक्य होते, आणि फवारणीच्या बाजूने जे खरे बोलण्यासारखे आहे ते एवढेच. १ मिलिमीटर व्यासाच्या एका थेंबाचे १० मायक्रॉनचे थेंब केले तर ते दहा लाख होतात आणि त्यांचे एकत्रित पृष्ठ शंभरपट वाढते; तितक्या पृष्ठावर तितके सूक्ष्मजीव बसू शकतात. १९९८ साली ज्याची शास्त्रीय नोंद झाली तो अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस हा जीव समुद्रात एरवी विरळा असतो आणि तेल सांडले की वाढू लागतो. त्याचे अन्नच मुळी तेल, आणि ते फोडण्यासाठी लागणारा साबण तो स्वतःच्या शरीरात तयार करतो. तो तेल पुढे ढकलीत नाही, भोगून संपवितो. कर्म भोगल्यावाचून क्षय पावत नाही, हा आपल्याकडचा जुना सिद्धान्त आणि तीर्थाच्या एका बुडीने जन्मोजन्मीचे पाप जाते ही तितकीच जुनी ग्वाही, या दोहोंचा मेळ बसत नाही म्हणून पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. समुद्रात तो मेळ असा बसतो, की क्षालन झाले तरी भोग चुकत नाही, फक्त भोगणारा बदलतो.

आणि हे पुराणकारांना ठाऊक होते. भागवताच्या नवव्या स्कंधात भगीरथ गंगेस पृथ्वीवर येण्याची प्रार्थना करतो, तेव्हा ती दोन हरकती घेते. माझा वेग कोण झेलील ही पहिली. आणि लोक माझ्यात आपली पापे धुतील, मग मी ती कोठे धुवू, ही दुसरी. या ग्रंथाच्या कर्त्याने हा प्रश्न कोणा नास्तिकाच्या तोंडी न घालता खुद्द गंगेच्या तोंडी घातला, यापरते त्याच्या प्रामाणिकपणाचे प्रमाण काय द्यावे! भगीरथ उत्तर देतो, की साधुजन तुझ्यात स्नान करतील आणि त्यांच्या अंगस्पर्शाने तुझे पाप हरण होईल, कारण त्यांच्या ठायी हरी वास करतो. साधूची ही व्याख्या सामान्य समजुतीहून फार निराळी आहे. इतर जण नदीत मळ सोडण्यासाठी उतरतात. साधू तो उचलण्यासाठी उतरतो. परिटाच्या घरी जन्मलेल्या गाडगे महाराजांनी हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडले आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून त्याच्या मनातला केरही दाखविला. १९५६ साली ते वारले तोवर महाराष्ट्राने अनेक महाराज पाहिले होते, परंतु भगीरथाच्या व्याख्येत बसणारा, मळ दुसऱ्याच्या दाराशी न लोटणारा, असा दुसरा शोधण्यास वेळ लागतो.

पण या उत्तरात एक हिशेब राहून गेलेला आहे. सूक्ष्मजीवांच्या बाबतीत तो करता येतो. १ किलो तेल पुरते भोगून संपविण्यास त्यांना सुमारे ३.४ किलो प्राणवायू लागतो, आणि समुद्राच्या पाण्यात तो लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे एक किलोच्या भोगापायी चार लाख लिटरांहून अधिक पाण्यातला श्वास खर्ची पडतो. नत्र आणि स्फुरद यांची टंचाई निराळीच, आणि अस्फाल्टीनांना तर हे जीवही सहसा तोंड लावीत नाहीत. मुंबईच्या तोंडाशी सांडलेल्या ८०० टनांना हे त्रैराशिक लावून पाहावे. भागवतात भगीरथाच्या उत्तरावर गंगेचा होकार नोंदलेला नाही. तो वेगाच्या हरकतीसाठी शंकराचे नाव सुचवितो, लगेच त्याच्या आराधनेस लागतो, आणि कथा जटांकडे वळते. गंगाखेडच्या बाजूने पाहता, साधू किती लागतील आणि ते येणार कोठून, एवढे तिने उतरण्यापूर्वी विचारून घेतले असते तर बरे झाले असते.